मेंदूतील दाह, उंदरांवरचे प्रयोग आणि स्किझोफ्रेनिया : खानदेशातल्या घरांनी काय करावे, काय टाळावे

डॉ. जगन्नाथ वाणी मूळचे धुळ्याकडचे. कॅनडातल्या कॅलगरी विद्यापीठात ते संख्याशास्त्र शिकवत. पत्नीच्या निमित्ताने स्किझोफ्रेनिया त्यांच्या घरात आला. तो त्यांनी लपवला नाही. १९९७ मध्ये त्यांनी पुण्यात ‘स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन’ उभी केली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ (२००४) या चित्रपटामागेही त्यांचा पुढाकार होता. या आजाराबद्दल मराठी घरांत मोकळेपणाने बोलले जाऊ लागले, त्यात खानदेशच्या या माणसाचा वाटा मोठा आहे.

आता त्याच आजाराबद्दल वेगळ्या बातम्या आपल्या मोबाइलवर येतात. मेंदूतील दाहामुळे स्किझोफ्रेनिया होतो, उंदरांवर अमुक औषध लागू पडले, गरोदरपणातल्या तापाने मुलाचा मेंदू बिघडतो, असे त्यांत लिहिलेले असते. त्या वाचून कोणी चालू गोळ्या थांबवतो, कोणी मेडिकलमधून नवे औषध आणतो, तर कोणी मुलाच्या आईकडे बोट दाखवतो. या तिन्ही गोष्टींनी नुकसान होते.

हे संशोधन मोलाचे आहे. त्यातून घराने दोन गोष्टी जरूर घ्याव्यात : एकमेकांना दोष देणे थांबवण्याचे कारण, आणि डॉक्टरांना विचारायचे नेमके प्रश्न. औषध मात्र त्यातून परस्पर घेऊ नये. पुढची यादी जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या घरांसाठी आहे, आणि शेवटी इथल्या प्रयोगशाळांत शिकणाऱ्या मुलामुलींसाठीही.

१. आजार समजून घेताना

काय करावे

• हा मेंदूचा आजार आहे, हे घरातल्या सगळ्यांना स्पष्ट सांगावे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे २ कोटी ४० लाख लोकांना तो आहे, म्हणजे साधारण ३०० माणसांमागे एकाला. नसलेले आवाज ऐकू येणे, विनाकारण संशय, बोलण्यातली संगती सुटणे, माणसांतून उठून एकटे बसणे, अंघोळ-जेवणाचे भान जाणे ही त्याची लक्षणे. बहुतेकांत तो ऐन तारुण्यात सुरू होतो.

• दाहाचा संबंध कुठे येतो, हे थोडक्यात जाणून घ्यावे. मेंदूत मायक्रोग्लिया नावाच्या संरक्षक पेशी असतात. स्पॅनिश शास्त्रज्ञ पिओ देल रिओ ओर्तेगा यांनी १९१९ मध्ये त्यांची वेगळी ओळख पटवली. जंतुसंसर्ग झाला की या पेशी सायटोकाइन नावाची रसायने सोडतात. एरवी त्या मेंदूतली साफसफाई करतात. वाढीच्या वयात पेशींमधले जादा जोड काढून टाकण्यातही त्यांचा हात असतो. कपाशीची विरळणी योग्य वेळी, योग्य प्रमाणात झाली तर पीक जोमाने येते. तीच जास्त झाली तर शेत उघडे पडते. किशोरवयात मेंदूतली ही विरळणी प्रमाणाबाहेर होत असावी, असा एक महत्त्वाचा विचार आज संशोधनात आहे.

• त्या विचाराला आधार कशाचा, तेही पाहावे. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी सुमारे ६५ हजार माणसांची जनुकीय माहिती तपासली. सी-४ नावाच्या जनुकाची काही रूपे असलेल्यांत स्किझोफ्रेनियाचा धोका थोडा वाढलेला दिसला. हे जनुक रोगप्रतिकाराच्या यंत्रणेतले आहे. ज्या उंदरांत ते काढून टाकले होते, त्यांच्या मेंदूत जोडांची छाटणी कमी झाली. माणसांची आकडेवारी आणि उंदरांचा प्रयोग इथे एकमेकांना पूरक ठरले.

• आनुवंशिकतेबद्दल आकड्यांत बोलावे. आई किंवा वडील यांपैकी एकाला हा आजार असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण १०० मध्ये १०. म्हणजे ९० मुलांना होत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला झाला, तरी दुसऱ्याला होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपासच राहते. मुलामुलींची लग्ने मोडण्याआधी हे आकडे समोर ठेवावेत.

काय टाळावे

• ‘मेंदूतील दाह’ वाचून मेंदूज्वर समजू नये. मेंदूज्वरात ताप, झटके, बेशुद्धी येते आणि काही तासांत जीव धोक्यात येतो. स्किझोफ्रेनियात ज्या दाहाची चर्चा आहे, तो सौम्य आणि दीर्घकाळ रेंगाळणारा आहे. सीटी स्कॅनमध्ये तो सूज म्हणून दिसत नाही.

• प्रत्येक रुग्णात दाह असतोच, असे धरू नये. काही रुग्णांच्या रक्तात इंटरल्युकिन-६ सारखे घटक वाढलेले आढळतात, विशेषतः आजार पहिल्यांदा उफाळताना किंवा उलटताना. पुष्कळांत ते आढळत नाहीत. मायक्रोग्लिया मोजण्याच्या पेट स्कॅनच्या अभ्यासांतही मतभेद आहेत. २०१६ मधल्या एका अभ्यासात प्रमाण वाढलेले दिसले, तर २०१८ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासल्यावर ते उलट कमी निघाले.

• ‘दाहाची तपासणी करून द्या’ म्हणून हजारो रुपये खर्चू नयेत. स्किझोफ्रेनियाचे निदान आजही मनोविकारतज्ज्ञ सविस्तर बोलून, वागणे तपासून आणि इतर आजार वगळूनच करतात. केवळ रक्ताच्या एका तपासणीवरून ते होत नाही.

२. उंदरांवरच्या प्रयोगाची बातमी वाचताना

काय करावे

• प्रयोग नेमका कसा झाला, ते आधी शोधावे. दाहाच्या संशोधनातला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग असा : गाभण उंदरिणीला ‘पॉली आय:सी’ नावाचे रसायन टोचतात. त्यात जिवंत विषाणू नसतो. पण विषाणू शिरला असे समजून तिचे शरीर प्रतिकार सुरू करते. जन्मलेली पिल्ले लहानपणी बरीचशी ठीक दिसतात. वयात आल्यावर त्यांच्या वागण्यात फरक पडतो. आजार तारुण्यात डोके वर काढतो, या माणसांतल्या अनुभवाशी हे जुळते, म्हणून या प्रयोगाला वजन आहे.

• त्यामागची माणसांतली कहाणीही वाचावी. १९५७ मध्ये फिनलंडच्या हेलसिंकीत इन्फ्लुएन्झाची मोठी साथ आली. त्या काळात गरोदर असलेल्या बायकांच्या मुलांचा सार्नॉफ मेडनिक आणि सहकाऱ्यांनी मागोवा घेतला. ज्यांच्या आईला साथीच्या वेळी मधली तिमाही होती, त्यांच्यात स्किझोफ्रेनिया जास्त आढळल्याचे त्यांनी १९८८ मध्ये मांडले. पुढच्या काही अभ्यासांनी याला दुजोरा दिला, काहींनी दिला नाही. कॅलिफोर्नियातल्या पॉल पॅटरसन यांच्या गटाने गाभण उंदरिणींवर तपास केला, तेव्हा इंटरल्युकिन-६ हा त्यातला एक कळीचा दुवा असल्याचे २००७ मध्ये दिसले.

• उंदरात काय मोजले, हे विचारावे. उंदराला आवाज ऐकू येतात का, हे कोणी सांगू शकत नाही. मोजता येते ते असे : मोठ्या आवाजाच्या जरा आधी हलका आवाज ऐकवला, तर निरोगी माणूस कमी दचकतो. स्किझोफ्रेनियाच्या अनेक रुग्णांत ही घट कमी असते. डेव्हिड ब्राफ आणि सहकाऱ्यांनी हे १९७८ मध्ये नोंदवले. हीच चाचणी उंदरावरही करता येते. त्याशिवाय तो दुसऱ्या उंदराजवळ जातो का, नवी वस्तू ओळखतो का, किती धावपळ करतो, हेही पाहतात.

• बातमी वाचून झाल्यावर एक प्रश्न न चुकता विचारावा : हे माणसांवर, तुलनेचा गट ठेवून तपासले आहे का? उत्तर ‘नाही’ असेल, तर बातमी जपून ठेवावी आणि चालू उपचार तसाच ठेवावा.

काय टाळावे

• ‘उंदराला स्किझोफ्रेनिया झाला’ असे म्हणू नये. प्रयोगात आजाराचा एखादा धागा उंदरात उभा केलेला असतो. संशय, भास, तुटलेली भाषा, नात्यांतली घालमेल हे सगळे माणसाचे आहे. ते पिंजऱ्यात पूर्णपणे उतरत नाही.

• उंदरावर चाललेले औषध मेडिकलमधून आणू नये. मिनोसायक्लिनचे उदाहरण लक्षात ठेवावे. मुरुमांसाठी वापरले जाणारे हे प्रतिजैविक मायक्रोग्लियाला शांत करते. उंदरांच्या अनेक प्रयोगांत त्याचा फायदा दिसला. माणसांवरच्या सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांनीही आशा लावली. मग ब्रिटनमध्ये ‘बेनेमिन’ ही चाचणी झाली. आजार नुकताच सुरू झालेल्या २०७ जणांना नेहमीच्या उपचारांसोबत वर्षभर मिनोसायक्लिन किंवा त्यासारखी दिसणारी निष्क्रिय गोळी दिली. २०१८ मध्ये निकाल आला : दोन्ही गटांत फरक नव्हता. ज्यांनी ही चाचणी केली, त्यांनी असंख्य घरांचा पैसा आणि वेळ वाचवला. अपयशी निकालही असा उपयोगी पडतो.

• दाह कमी होतो म्हणून वेदनाशामक गोळ्या, हळदीच्या कॅप्सूल किंवा माशाच्या तेलाच्या गोळ्या उपचाराच्या जागी देऊ नयेत. हळद जेवणात असू द्यावी. गोळ्या बंद करून तिच्यावर विसंबू नये. वेदनाशामक गोळ्या रोज घेतल्यास जठराला आणि मूत्रपिंडाला इजा होऊ शकते.

३. गरोदरपणात

काय करावे

• संसर्ग टाळता येतो तिथे टाळावा. मुलींना रुबेलाची लस वेळेवर द्यावी, लग्न-गरोदरपणाच्या आधीच. गरोदर बाईच्या धनुर्वात-घटसर्पाच्या लसी, लोह-फॉलिकच्या गोळ्या आणि तपासण्या आशाताईंच्या नोंदीप्रमाणे पूर्ण कराव्यात. फ्लूच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारावे. निष्क्रिय विषाणूची लस गरोदरपणात देता येते.

• ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. सातपुड्याच्या पायथ्याशी, धरण-पाटाच्या कडेला मच्छरदाणी वापरावी. मलेरियाची तपासणी लांबवू नये.

• मांस नीट शिजवावे. मातीत काम केल्यावर आणि मांजरीची घाण उचलल्यावर हात साबणाने धुवावेत. टॉक्सोप्लाझ्मा या परजीवीचा आणि स्किझोफ्रेनियाचा संबंध संशोधक तपासत आहेत. तो सिद्ध होवो न होवो, या परजीवीमुळे गर्भाला इजा होते हे ठाऊक आहे.

• स्किझोफ्रेनिया असलेल्या बाईला मूल हवे असेल, तर आधी मनोविकारतज्ज्ञ आणि स्त्रीरोगतज्ज्ञ दोघांशी बोलावे. सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधे गर्भाला घातक असतात. ती आधीच बदलता येतात.

• बाळंतपणानंतर पहिल्या काही आठवड्यांत झोप पूर्ण उडाली, बाळाबद्दल विचित्र शंका येऊ लागल्या, असंबद्ध बोलणे सुरू झाले, तर ती तातडीची स्थिती समजावी. आई आणि बाळ दोघांजवळ सतत कोणीतरी असावे आणि त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे.

काय टाळावे

• ‘तुला तेव्हा ताप आला होता म्हणून पोराचं असं झालं’ हे वाक्य घरात कोणीही, कधीही उच्चारू नये. गरोदरपणात आजारी पडलेल्या बहुसंख्य बायकांची मुले निरोगी असतात. संसर्गाने धोका किंचित वाढत असेल. त्यात जनुके, जन्मावेळच्या अडचणी, बालपणीचे आघात, व्यसन असे किती तरी धागे मिसळलेले असतात. उंदरिणीला ठरावीक दिवशी, ठरावीक डोस टोचलेला असतो. बाईचे गरोदरपण असे घडत नाही. विज्ञानाने भूतबाधेचा आरोप पुसला. त्याच विज्ञानाने आईवर नवा आरोप ठेवू नये.

• गरोदर असल्याचे कळताच मनोविकाराच्या गोळ्या स्वतःच थांबवू नयेत. आजार उलटला तर आई आणि गर्भ दोघांनाही धोका असतो.

४. वागणे अचानक बदलले तर

काय करावे

• वागण्यातल्या बदलाबरोबर ताप, झटके, तीव्र डोकेदुखी, मान ताठणे, गुंगी, हातापायांची विचित्र हालचाल यांपैकी काही असेल, तर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. मेंदूचा क्षयरोग, मेंदूपर्यंत गेलेला मलेरिया, फीतकृमीच्या अंड्यांमुळे मेंदूत होणाऱ्या गाठी आणि विषाणूजन्य मेंदूज्वर यांत माणूस ‘वेड लागल्यासारखा’ वागू शकतो. मुलांच्या बाबतीत चांदीपुरा विषाणू लक्षात ठेवावा. १९६५ मध्ये नागपूरकडे तो प्रथम सापडला. वाळूमाशी तो पसरवते आणि तो मुलांना काही तासांत गंभीर करतो.

• तरुण वयात, विशेषतः मुलींत, काही दिवसांत वेगाने भास-संशय सुरू झाले आणि सोबत झटके किंवा शरीर ताठरणे असेल, तर डॉक्टरांना थेट विचारावे : ‘हा ऑटोइम्यून एन्केफलायटिस असू शकतो का?’ या आजारात शरीराची प्रतिपिंडे मेंदूतल्या एनएमडीए रिसेप्टरवरच हल्ला करतात. जोसेप डालमाऊ आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये १२ स्त्रियांच्या नोंदींवरून तो उलगडला. त्यांच्यापैकी बहुतेकींच्या बीजाशयात गाठ होती. स्टेरॉइड, इम्युनोग्लोब्युलिन आणि गाठ काढणे या उपचारांनी पुष्कळ रुग्ण बरे होतात. उशीर झाला तर हानी वाढते. दाहाच्या संशोधनाने घराच्या हातात थेट ठेवलेले हे सर्वांत उपयोगी ज्ञान आहे.

काय टाळावे

• ताप आणि झटके असलेल्या माणसाला भगताकडे किंवा उताऱ्यासाठी नेऊन तास-दोन तास घालवू नयेत. तेवढा वेळ निर्णायक ठरू शकतो.

• उलट बाजूने, प्रत्येक जुन्या रुग्णाचे पाठीतले पाणी काढून तपासा, असा हट्ट धरू नये. वर्षानुवर्षांचा, संथपणे वाढलेला आजार वेगळा. ही तपासणी कोणाला लागते, ते मेंदुविकारतज्ज्ञ ठरवतील.

५. उपचार चालू असताना

काय करावे

• खानदेशच्या उन्हाळ्याची आधीच तयारी ठेवावी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. स्किझोफ्रेनियाची बरीच औषधे शरीराची तापमान सांभाळण्याची क्षमता कमी करतात. थरथर थांबवण्यासाठी दिलेली ट्रायहेक्सिफेनिडिल घाम कमी करते. म्हणून दुपारी शेतात पाठवू नये, पाणी-ताक वेळेवर द्यावे, झोपायला हवेशीर जागा द्यावी. लिथियम चालू असेल तर जुलाब-उलट्या झाल्याबरोबर डॉक्टरांना कळवावे.

• गोळ्या चालू असताना कडक ताप, शरीर लाकडासारखे ताठ होणे आणि गुंगी आली, तर उष्माघात समजून घरी थांबू नये. औषधांचा हा दुर्मीळ पण जीवघेणा परिणाम असू शकतो. रुग्णालयात चालू गोळ्यांची पाकिटे सोबत न्यावीत.

• क्लोझापिन घेणाऱ्याच्या पांढऱ्या पेशींची तपासणी ठरलेल्या तारखेला करावी. घसा दुखून ताप आला तर ती लगेच करावी.

• कापूस वेचणी, केळीची काढणी, ऊसतोडीसाठी बाहेरगावी जाणे या दिवसांत गोळ्या चुकतात. निघण्याआधी पुरेशा गोळ्या आणि केसपेपरचा फोटो बरोबर ठेवावा. रोजची गोळी जमत नसेल, तर काही आठवड्यांनी एकदा घ्यायच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

• बिडी-सिगारेट सोडायची असेल तर डॉक्टरांना आधी सांगावे. धुरामुळे क्लोझापिन आणि ओलान्झापिन शरीरातून लवकर निघून जाते. बिडी एकदम सुटली की औषधाचे रक्तातले प्रमाण वाढते आणि डोस बदलावा लागतो.

काय टाळावे

• बरे वाटू लागले म्हणून गोळ्या थांबवू नयेत. आजार उलटण्याचे हे सर्वांत नेहमीचे कारण.

• गांजाला ‘जडीबुटी’ समजू नये. शिरपूर तालुक्यातली बेकायदा गांजाची शेती पोलीस वारंवार उद्ध्वस्त करतात, तरी तो तरुणांच्या हाती पोचतो. किशोरवयात गांजा ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत आढळले आहे. घरात आधीच कोणाला आजार असेल, तर बाकीच्या मुलांनी त्याला हातही लावू नये.

• साखळीने बांधू नये. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली, तेव्हा साखळदंडांत असलेल्या २८ मनोरुग्णांना पळता आले नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ प्रमाणे मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास मनाई आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

• श्रद्धेवरून घरात भांडण करू नये. सैलानीच्या दर्ग्याला किंवा कुलदैवताला जायचे असेल तर जावे. गोळ्या सोबत न्याव्यात, वेळ चुकवू नये आणि माणसाला तिथे सोडून येऊ नये.

६. मदत मिळवताना

काय करावे

• जवळचा दरवाजा आधी ठोठावावा. राज्याची चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी इथे आहेत. खानदेशात एकही नाही. म्हणून जळगाव आणि धुळ्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम हेच पहिले ठिकाण. चोपडा, साक्री, शिरपूरकडून येणाऱ्यांनी ओपीडीचा वार आधी विचारून घ्यावा.

• रात्री-अपरात्री ‘टेलि-मानस’च्या १४४१६ या मोफत क्रमांकावर बोलावे. केंद्र सरकारने ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केली.

• अपंगत्वाचे प्रमाणपत्र काढावे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे.

• काळजी घेणाऱ्यांनीही आपला गट करावा. वाणींच्या संस्थेने पुण्यात स्वमदत गटांची रीत रुजवली. आठवड्याला किंवा महिन्याला पाच घरे अमळनेरात, पाचोऱ्यात, दोंडाईचात एकत्र बसली, तरी कोणाची गोळी कशाने सुटली आणि कोणाला काम कसे मिळाले हे एकमेकांकडून कळते.

काय टाळावे

• सगळी जबाबदारी एकट्या आईवर किंवा बायकोवर टाकू नये. गोळ्या, दवाखाना, पैसा, रात्रीचे जागरण ही कामे वाटून घ्यावीत.

• आजार लपवून लग्न लावू नये. ‘लग्न झालं की ठीक होईल’ या समजुतीने दोन आयुष्यांची परवड होते.

७. प्रयोगशाळेत काम करताना

शिरपूर, जळगाव, धुळे इथे औषधनिर्माणशास्त्राची महाविद्यालये आहेत. जळगावला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे. एम. फार्म. किंवा पीएच.डी.साठी मेंदूच्या दाहावर काम करू इच्छिणाऱ्यांनी हे पाहावे.

काय करावे

• पहिला उंदीर आणण्याआधी संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची मंजुरी घ्यावी. प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धचा १९६० चा कायदा आणि प्रयोगांविषयीचे १९९८ चे नियम बंधनकारक आहेत.

• रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन तत्त्वे पाळावीत : शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधावा, संख्या कमी ठेवावी, वेदना कमी करावी.

• प्रयोगाचे एकक आई असते, हे विसरू नये. एका उंदरिणीची आठ पिल्ले म्हणजे आठ स्वतंत्र नमुने होत नाहीत. गर्भावस्थेत दिलेल्या पॉली आय:सीच्या प्रयोगात आकडेवारी इथेच सर्वाधिक चुकते. नर आणि मादी दोन्ही तपासावेत. वर्तन मोजणाऱ्याला कोणता उंदीर कोणत्या गटातला, हे माहीत नसावे.

• पॉली आय:सी कोणत्या कंपनीचे, कोणत्या लॉटचे, किती डोस, गर्भावस्थेच्या कोणत्या दिवशी, हे सारे लिहावे. लॉटनुसार त्याचा परिणाम बदलतो. दिलेल्या डोसाने आईच्या रक्तात इंटरल्युकिन-६ खरोखर वाढले का, हे तपासावे.

• ॲनिमल हाउसचे तापमान २२ अंशांच्या आसपास ठेवावे आणि रोज नोंदवावे. मे महिन्यात वीज गेली आणि खोली तापली, तर उष्णतेचा ताणच उंदराच्या शरीरातली दाहाची रसायने बदलतो. त्या आठवड्याचे निष्कर्ष मग कशामुळे आले, ते सांगता येत नाही. जनरेटरची सोय हा प्रयोगाचाच भाग समजावा.

काय टाळावे

• केटामाइन किंवा एमके-८०१ टोचून वाढलेली धावपळ औषधाने थांबली, एवढ्यावर ‘स्किझोफ्रेनियावर उपाय सापडला’ असे लिहू नये. तासाभराच्या धावपळीत माणसाचा एकलकोंडेपणा आणि मंदावलेले विचार येत नाहीत. आजच्या औषधांना सर्वांत कमी दाद हीच लक्षणे देतात.

• आयबीए-१ ने रंगलेल्या पेशी जास्त दिसल्या म्हणजे दाह झाला, असा थेट निष्कर्ष काढू नये. पेशींचा आकार, सायटोकाइन आणि वर्तन एकत्र पाहावे.

• परिणाम दिसला नाही म्हणून प्रबंध कपाटात टाकू नये. तो छापावा. नाहीतर दुसऱ्या गावातला विद्यार्थी तेवढेच उंदीर पुन्हा मारेल.

डॉक्टरांकडे जाताना कागदावर लिहून न्यायचे प्रश्न

१. हा आजार स्किझोफ्रेनियाच आहे, की संसर्ग, प्रतिपिंडे किंवा दुसरे कारण तपासायला हवे?
२. या गोळीने काय सुधारेल, किती दिवसांनी, आणि वजन-साखरेवर काय परिणाम होईल?
३. उन्हाळ्यात, उपवासात, तापात काय काळजी घ्यायची?
४. मी वाचलेल्या या नव्या औषधाची माणसांवर चाचणी झाली आहे का, आणि तिचा निकाल काय?
५. आजार उलटू लागला तर पहिली खूण कोणती, आणि तेव्हा फोन कोणाला करायचा?

हे पाच प्रश्न केसपेपरच्या मागे लिहून ठेवावेत. उत्तरे घरातल्या किमान दोघांना पाठ असावीत.